गावानं प्रादेशिक नळयोजनेतून बाहेर पडावं का? पाण्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाचं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं गाव चौदा गावांच्या प्रादेशिक नळयोजनेत शेवटून दुसरं आहे. उन्हाळ्यात आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं, आणि येत्या ग्रामसभेत ‘आपली स्वतंत्र योजना करू’ असा ठराव तुम्हाला मांडायचा आहे. तालुक्याचे अधिकारी म्हणतात, गावांना हे जमत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले लोक म्हणतात, चावी गावाच्या हातात गेली तर आमच्या नळाला आज येतं तेवढंही पाणी येणार नाही. आणि शेवटी तुम्ही मूळ मुद्द्याला हात घातला आहे: सत्ता वर एका ठिकाणी असावी, की खाली वाटून द्यावी?

मी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि एकतीस वर्षांनी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. प्रादेशिक योजना चालवल्या, गावांच्या स्वतंत्र योजना उभ्या केल्या, आणि दोन्ही प्रकारच्या योजना बंद पडतानाही पाहिल्या. उत्तर लांबणार आहे, पण विषय पाण्याचा आहे, त्यामुळे दोन ओळीत उरकणं मला बरं वाटत नाही.

‘गावांना जमत नाही’ हे वाक्य मीही नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत बोललो आहे, आणि ते मी मागे घेतलं आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. तिच्यासोबत आलेल्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत आणि अकराव्या क्रमांकावर पिण्याचं पाणी आहे. म्हणजे गाव पाण्याचा कारभार मागतं तेव्हा ते कोणाकडे मेहेरबानी मागत नसतं. मात्र त्याच दुरुस्तीनं यातलं किती आणि कधी द्यायचं हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. त्यामुळे विषय कागदावर गावाकडे आला, पण त्याबरोबर लागणारे पैसे, माणसं आणि कागदपत्रं बऱ्याचदा वरच राहिली. तुमच्या गावाची तक्रार तिथूनच सुरू होते.

आता तुमचा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं मांडतो. नळाला पाणी येणं हा एक निर्णय नाही. धरणातलं किंवा विहिरीतलं पाणी कोणाला किती, हा पहिला. ते उपसून, शुद्ध करून टाकीपर्यंत कोण आणणार, हा दुसरा. कोणत्या गावाचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा, हा तिसरा. गावात कोणत्या आळीला आधी, हा चौथा. पाणीपट्टी किती, वसूल कोण करणार, न भरणाऱ्याचं काय करणार, हा पाचवा. पाणी पिण्यालायक आहे की नाही हे कोण तपासणार, हा सहावा. ‘सत्ता वर की खाली’ असं एका दमात विचारलं की हे सहाही एकाच पिशवीत जातात आणि भांडण सुटत नाही. माझ्या अनुभवात प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

प्रादेशिक योजनेपासून सुरू करतो, कारण तुमचं दुखणं तिथलं आहे. कागदावर ती फार शहाणी गोष्ट दिसते. एकच भरवशाचा उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, एकच शुद्धीकरण केंद्र, शिकलेले कर्मचारी, चौदा गावांना मिळून खर्च. आपल्या राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टच्या कातळावर आहे. विहिरीला पाणी लागलं तरी ते मार्चपर्यंत टिकेल याची खात्री नसते. तेव्हा धरणावरून पाणी आणण्याचा विचार चुकीचा नव्हता. तो आजही अनेक ठिकाणी एकमेव मार्ग आहे.

ती बिघडते कुठे, ते सांगतो. मी चालवलेल्या एका योजनेत मुख्य टाकीपासून पहिली चार गावं उतारावर होती. त्यांच्या टाक्या आधी भरत आणि ओसंडून वाहत. व्हॉल्व्ह बंद करायला पाणी सोडणारा माणूस वेळेवर पोचला नाही, की मागच्या गावांची पाळी हुकायची. तो माणूस एकटा, हाताखाली बावीस किलोमीटरची गुरुत्ववाहिनी, म्हणजे उतारानं आपोआप पाणी वाहणारी वाहिनी, आणि पंचवीसेक व्हॉल्व्ह. पाणी का आलं नाही हे विचारायला शेवटच्या गावच्या बायका ग्रामपंचायतीत जात. सरपंच म्हणे, योजना जिल्हा परिषदेची आहे, मी काय करू? माझ्याकडे आल्या की मी म्हणे, थकबाकी आहे, वीजबिल भरलं नाही. दोघंही खरं बोलत होतो, आणि त्या बायका हंडा घेऊन परत जात होत्या.

थकबाकीचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण सगळ्या रोगाचं मूळ तिथं आहे. त्या योजनेतल्या चौदा गावांपैकी पाच गावं पाणीपट्टी जवळजवळ पूर्ण भरत होती, चार गावं अर्धी, बाकीची नावापुरती. पण पंपाचं वीजबिल एकच. ते थकलं की जोडणी एकच तुटायची, आणि कोरडी पडायची चौदाही गावं. भरणाऱ्या गावानं दोन-तीनदा हा अनुभव घेतला की चौथ्या वर्षी तेही भरणं थांबवतं. त्या गावाला दोष कसा देणार? पैसे भरणं आणि पाणी मिळणं यांचा संबंधच आम्ही तोडून टाकला होता. हा लोकांच्या स्वभावातला दोष नव्हता. योजनेच्या रचनेत तो होता, आणि ती रचना सांभाळणाऱ्यांत मी एक होतो.

म्हणून २००० सालानंतर राज्याचं धोरण मागणीनुसार योजनेकडे वळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. २००३ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं २६ जिल्ह्यांत ‘जलस्वराज्य’ चाललं. गाव स्वतः मागणी करणार, लोकवर्गणी भरणार, पैसे गावच्या समितीच्या खात्यात येणार, समितीत बायका असणार. ज्या गावांत मी पूर्वी ठेकेदाराबरोबर मोजमाप पुस्तक घेऊन जायचो, तिथं आता अंगणवाडीताई माझ्याकडे पाइपचा दर विचारू लागल्या. एका गावात समितीनं खोदाईचं काम माझ्या अंदाजपत्रकापेक्षा कमी पैशात करून दाखवलं, आणि उरलेल्या रकमेतून शाळेजवळ जादा लाइन टाकली.

त्याच गावाची पुढची गोष्ट सांगायलाच हवी. पहिली तीन वर्षं टाकी रोज भरली. चौथ्या वर्षी उद्भव विहिरीच्या वरच्या अंगाला ऊस लागला आणि दोन बोअर झाले. पाचव्या वर्षी आणखी तीन. १९९३ सालीच राज्यानं कायदा केला होता की पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. समितीला हा नियम माहीत होता. पण बोअर घेणाऱ्यांत एक सरपंचांचा चुलतभाऊ, एक समिती अध्यक्षांचा व्याही. तक्रारीवर सही कोण करणार? रोज ज्याच्या बांधावरून जायचं, ज्याच्या घरी लग्नाला जायचं, त्याच्याविरुद्ध तहसीलला अर्ज देणं सोपं नसतं. सहाव्या वर्षी फेब्रुवारीत विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाला. हे गाव नालायक नव्हतं. त्याच्यावर असा एक निर्णय टाकला होता जो भावकीत राहून घेता येत नाही. तो बाहेरच्या, वरच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो, आणि त्यानं तो घेतला नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून लोक हिवरे बाजारचं नाव घेतात, आणि ते बरोबरही आहे. पाऊस कमी पडणाऱ्या पट्ट्यातलं ते गाव पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतं आणि शेतीसाठी बोअर घेऊ देत नाही. पण तिथं १९८९ पासून पोपटराव पवारांच्या रूपानं सलग नेतृत्व मिळालं. ज्या गावाला तसं नेतृत्व नाही, त्या गावानंही पाणी प्यायचंच असतं, हे धोरण आखताना विसरून चालत नाही.

आता वस्तीतल्या लोकांची भीती. तुम्ही ती प्रश्नात एका ओळीत लिहिली आहे. माझ्या मते तुमच्या ठरावात ती पहिली यायला हवी. पाण्यावरची गावाची सत्ता म्हणजे आपोआप सगळ्यांची सत्ता नव्हे, हे महाराष्ट्रानं महाडला पाहिलं आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळानं सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. तरी तळ्यावर कोणी जाऊ देत नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तिथं पाणी प्यायले, लोकांनी मार खाल्ला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. हक्क कायम झाला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालानं. हा क्रम पुन्हा वाचा. वरच्या ठरावानं एकट्यानं काही झालं नाही, कारण अंमलबजावणी खाली होती. खालच्या संस्थेनं दिलेलं खालच्याच संस्थेनं काढून घेतलं. लोक स्वतः चालून गेले, आणि शेवटी गावापासून लांब बसलेल्या न्यायालयानं शिक्का मारला.

४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गावाविषयी जे कठोर शब्द वापरले, ते या अनुभवातून आले होते. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता, आणि मसुद्यात गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरला याचं त्यांना समाधान होतं. ग्रामपंचायती घटनेत कलम ४० मध्ये आल्या त्या मार्गदर्शक तत्त्व म्हणून. मी विकेंद्रीकरणाच्या बाजूचा माणूस आहे, तरीही गावात नव्या योजनेची पहिली बैठक मी नेहमी वस्तीत घेत आलो. देवळासमोर बैठक घेतली की वस्तीतल्या बायका कडेला उभ्या राहतात आणि बोलत नाहीत. वस्तीत घेतली की गावाला तिथं यावं लागतं. नकाशावर टाकीची जागा आणि लाइनीचा शेवट कुठं असेल, हे तिथंच ठरवायचं.

स्वतंत्र योजना परवडेल का, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत: गावची लोकसंख्या, उद्भव किती खाली, मे महिन्यात त्याला किती पाणी, वाड्या किती विखुरलेल्या. तरी हिशेब कसा करायचा ते दाखवतो. जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. लोकसंख्या २,००० धरली तर रोज १,१०,००० लिटर. पाइपातलं घर्षण धरून ६० मीटर उंचीवर चढवायचं असेल आणि पंपाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरली, तर रोज साधारण ३६ युनिट वीज लागते, महिन्याला १,०८० च्या आसपास. युनिटला साडेसहा रुपये धरले तर सात हजार. पाणी सोडणाऱ्याचं मानधन नऊ हजार, टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) आणि दुरुस्ती सहा हजार धरा. एकूण बावीस हजार. घरं ४०० असतील तर घरामागे महिना ५५ रुपये, आणि तेही सगळ्यांनी भरले तर. निम्म्यांनीच भरले तर ११०. आता तेच पाणी धरणावरून १८० मीटर चढवून आणायचं असेल तर वीज तिप्पट लागते आणि शुद्धीकरणाचा खर्च वेगळा. तुमचे खरे आकडे यात घाला आणि ग्रामसभेत फळ्यावर मांडा. दर ठरवण्याआधी हे मांडलं नाही, तर पहिल्या वर्षानंतर वसुली होत नाही हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पण बाहेर पडण्याआधी आणखी एक मार्ग आहे, आणि तुमच्या जागी मी असतो तर आधी तोच मागितला असता. योजनेनं गावाला नळाचं पाणी देण्याऐवजी घाऊक पाणी द्यावं. गावच्या टाकीत शिरणाऱ्या पाइपावर मीटर बसवायचा. मीटरच्या अलीकडचं, म्हणजे उद्भव, उपसा, शुद्धीकरण, मुख्य वाहिनी, हे सगळं योजनेकडे. मीटरच्या पलीकडचं, म्हणजे आळीवार पाळी, घरगुती दर, वसुली, गळती, गावाकडे. जेवढं पाणी मोजून घेतलं तेवढ्याचे पैसे गावानं भरायचे. शेजारचं गाव बुडवतंय म्हणून तुमचा व्हॉल्व्ह बंद करता येणार नाही, असं करारातच लिहून घ्यायचं.

मी एका योजनेत असे मीटर बसवून घेतले होते आणि दर सोमवारचे आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहायला लावले. पहिल्या दोन महिन्यांत उतारावरच्या गावांना कळलं की त्यांच्या टाक्यांतून रात्रभर पाणी गटारात जातं आणि आता त्याचेही पैसे पडणार. त्यांनी टाकी भरली की आपोआप बंद होणारे फ्लोट व्हॉल्व्ह स्वतःच्या पैशानं बसवले. मी आठ वर्षं त्यांना पत्रं लिहीत होतो, त्यानं जे झालं नाही ते भिंतीवरच्या आकड्यांनी झालं. शेवटच्या गावाला त्या उन्हाळ्यात चौथ्या दिवशी पाणी गेलं. रोज नाही गेलं, पण आठव्याचा चौथा झाला.

ही माझी काही नवी कल्पना नाही. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी हेच केलं: पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं आणि आतली वाटणी संस्थेनं करायची. २००५ मध्ये राज्यानं सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला, त्याचा गाभाही तोच आहे. साताऱ्यात कराडजवळच्या मलकापूरनं मीटर लावून आणि वापर वाढेल तसा वाढता दर ठेवून चोवीस तास पाणी दिलं. राज्याच्या पाणीयोजना उभारणाऱ्या जीवन प्राधिकरणाचं तांत्रिक बळ आणि स्थानिक कारभाराची धमक, दोन्ही तिथं एकत्र आल्या.

तुम्ही शेवटी विचारलेल्या मोठ्या प्रश्नाकडे मी याच वाटेनं जातो, समाज असो की अर्थव्यवस्था. कुठल्याही सत्तेबद्दल मी तीन गोष्टी पाहतो. निर्णय कोणाच्या हातात, पैसा कोणाच्या हातात, आणि चुकलं तर जाब कोणाला विचारायचा? या तिन्ही जितक्या जवळ, तितका कारभार बरा. शहरांचं बघा. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतांश रद्द झाला, मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपली. नाक्यांवरचा त्रास आणि लाचखोरी संपली हे चांगलंच झालं. पण महापालिकांचा स्वतःचा मोठा कर गेला आणि त्या राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिल्या. रस्त्याच्या खड्ड्यासाठी नगरसेवकाला धरायचं आणि पैशासाठी नगरसेवकानं मंत्रालयाकडे बघायचं. ग्रामपंचायतीतही २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला साठ टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्च करायचा, होता. तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच असल्यानं मला त्याबद्दल तक्रार नाही, उलट मीटरचा आणि टाकीच्या दुरुस्तीचा खर्च अशाच निधीतून करता येतो. २०२२ पासून पुढे कित्येक जिल्हा परिषदांवर निवडून आलेले सदस्य नव्हते, प्रशासक होते. त्या काळात कामं अडली नाहीत असं काही जण म्हणतात. माझा प्रश्न वेगळा आहे: तुमच्या गावाचं पाणी आठ दिवस आलं नाही, हे त्या सभागृहात उभं राहून कोण विचारत होतं?

तेव्हा ग्रामसभेत ‘बाहेर पडू’ हा ठराव लगेच मांडू नका. त्याआधीच्या महिला ग्रामसभेत वस्तीतल्या बायकांकडून त्यांच्या नळाला किती मिनिटं पाणी येतं ते लिहून घ्या. मग तीन मागण्यांचा ठराव करा. गावच्या टाकीवर घाऊक मीटर आणि त्यावर लेखी करार. आळीवार पाळीचं वेळापत्रक भिंतीवर, आणि पाणीपुरवठा समितीत वस्तीतल्या किमान दोन बायका, ज्यांच्यापैकी एकीकडे टाकीच्या व्हॉल्व्हची दुसरी चावी राहील. गावात जुनी उद्भव विहीर असेल तर तिच्याभोवतीच्या ५०० मीटरचा नकाशा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून करून घेऊन तो तहसीलदारांकडे द्या. ही विहीर सोडू नका. धरणाचं पाणी बंद पडेल तेव्हा तीच कामाला येते. पाण्याचा नमुना तपासायला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतच पाठवा. स्वतःच्या विहिरीच्या पाण्याला स्वतःच पास करण्याचा मोह कोणत्याही गावाला होतो.

सहा महिने मीटरचे आकडे ठेवा. योजनेनं कराराप्रमाणे पाणी दिलं नाही, तर ते आकडे हातात घेऊन बाहेर पडायचा ठराव करा; मग ‘गावाला जमत नाही’ हे कोणाला म्हणता येणार नाही. लोकसंख्या, टाकीची क्षमता, मुख्य टाकीपासूनचं अंतर आणि गेल्या तीन वर्षांची पाणीपट्टी वसुली एवढं कळवलंत तर घरामागचा दर मी मांडून देतो.